पेपरमिंटच्या डबीतली काडी

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. शेजारी शेजारी दोन नळ्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि मानेवर अंगठ्याने सरकवायचा एक लहानसा खटका. बंदुकीने मुलांना गोष्ट सांगावी हे काहींना रुचणार नाही. मलाही त्यात फारसा आनंद नाही. पण आमच्या घरात एक गोष्ट वेळेवर बोलली गेली नाही आणि त्यापायी एक माणूस गेला. म्हणून मी तोंड उघडते आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने माझे भाग जुळवले, तो मला कानाशी धरून मिटायचा, आवाज ऐकायचा आणि पुन्हा कानस घ्यायचा. त्याने मला दिलेली सर्वांत भली वस्तू म्हणजे तो खटका. खटका मागे असला की चाप कितीही ओढा, बार उडत नाही. पुढे ढकलला की उडतो. आणि काडतुसे भरायला मला उघडले की खटका आपोआप मागे येतो, कारण माझ्या पोटात बोटभर लांबीची एक पोलादी काडी आहे, ती त्याला मागे सारते. माणूस विसरला तरी काडी विसरत नसे.

नेब्रास्कातल्या एका गावाच्या दुकानातून मला एमिल कुबिचेकने नेले तेव्हा तो नुकताच लग्न झालेला शेतकरी होता. दर शरद ऋतूत कापलेल्या ज्वारीच्या रानात आम्ही फेझंट पक्ष्यांच्या मागे हिंडायचो. एमिल जात्याच सावध. तारेचे कुंपण आले की मला उघडायचा, काडतुसे खिशात टाकायचा, मला पलीकडे ठेवायचा आणि मग स्वतः ओलांडायचा. शेजारी त्याला 'भित्रा एमिल' म्हणत. तो म्हणे, भित्र्याला घरी जेवायला थोडा उशीर होतो, एवढेच. काडतुसे पुन्हा भरून मला मिटले की त्याचा अंगठा एकदा खटक्याच्या पाठीवर टेकायचा. तो काही तपासत नसे. घराबाहेर पडताना कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवावा, तसा ठेवायचा. खटका मागेच असणार याची त्याला खात्री होती, आणि इतक्या वर्षांत मी ती एकदाही खोटी ठरवली नाही.

पुढे त्याचे गुडघे गेले. मुलगा ड्वेन नोकरीसाठी डेन्व्हरला राहू लागला. मी कपाटात कोटांच्या मागे उभी राहिले. माझ्या नळ्यांवर गंजाचे ठिपके आले. एमिलची बायको ब्लांच झाडू मारताना मला बाजूला सारायची आणि पुन्हा तिथेच टेकवायची, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

मग एका वसंतात त्यांची मुलगी मार्लिस मला न्यायला आली. मार्लिस शाळेची बस चालवते. तिला नवाच नाद लागला होता. गावाबाहेरच्या मैदानात काही हौशी मंडळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गुराख्यांचे कपडे घालून जमतात आणि लोखंडी पत्र्यांवर घड्याळ लावून नेमबाजी करतात. प्रत्येकाने स्वतःला एक गमतीचे नाव घेतलेले असते. मार्लिसचे नाव होते 'चुकलेली बस'. दोन पिस्तुले आणि रायफल तिच्याकडे होती. दुनळी तेवढी निवडायची राहिली होती.

ती निवड करून देणारा होता ऑरिन टॉफ्ट. आयुष्यभर गाईगुरांचा डॉक्टर, म्हणून मैदानावर त्याचे नाव 'खूरवैद्य'. त्याने आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर घोंगडी पसरली आणि तीन बंदुका मांडल्या. एक आखूड नळ्यांची कोरी करकरीत, एक बाहेरून दिसणारे, काडतुसावर ठोका देणारे घोडे असलेली देखणी, आणि मी. ऑरिनने पहिल्या दोघींचे कौतुक केले नाही की निंदा केली नाही. प्रत्येकीत रिकामी काडतुसे भरली, उघडून मागे झटका दिला आणि ती पडतात का ते पाहिले. कोरीतली अडकली. देखणीतले एक पडले, एक राहिले. माझ्या पोटातून दोन्ही सुळकन बाहेर आली. वापराने मी आतून गुळगुळीत झाले होते आणि सांध्यांत जराशी सैल. शिकारी ज्याला म्हातारपण म्हणतात, ते या लोकांना गुण वाटले. खांद्याला लावून पाहिले तर दस्ताही मार्लिसला बेताचा बसला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी माझी तारीफ करत होते. मी हुरळून गेले.

एमिलने मला देताना एकच अट घातली होती. तिच्यात काही बदल करू नकोस, जशी आहे तशी ठेव. मार्लिसला वाटले, बाबा नळ्या कापण्याविषयी बोलत आहेत.

पहिल्याच स्पर्धेत फजिती झाली. तिथला रिवाज असा की दुनळी उघडी आणि रिकामी टेबलावर ठेवायची, घड्याळ सुरू झाले की भरायची, मिटायची आणि लगेच उडवायची. मार्लिस भरायची, मिटायची, चाप ओढायची, आणि काहीच व्हायचे नाही. खटका आपोआप मागे आलेला असायचा. मागून कुणीतरी म्हणाले, "बसबाई, हँडब्रेक सोडा आधी." सगळे हसले, तीही हसली. पण दुसऱ्या स्पर्धेतही तेच झाले आणि तिसऱ्या वेळी तिला हसू आले नाही.

ऑरिनने तिला सांगितले की आमच्यातले पुष्कळ जण ती काडी काढूनच टाकतात. नेमबाजीच्या रेषेवर उभे राहून बंदूक भरली की उडवायचीच असते, भरलेली घेऊन कुणी चालत नाही, त्यामुळे इथे धोका नाही. त्याने आपल्या कार्यशाळेत माझे पोट उघडले, काडी काढली आणि पेपरमिंटच्या रिकाम्या डबीत घालून मार्लिसच्या हातात दिली.

"ही जपून ठेव," तो म्हणाला. "आणि ज्याची बंदूक आहे त्याच्या कानावर घाल. रेषेवरची बंदूक वेगळी, रानातली वेगळी."

"सांगते की," मार्लिस म्हणाली.

तिने सांगितले नाही. लबाडी नव्हती तिच्या मनात. बाबांना वाईट वाटेल, ते रागावतील, बघू नाताळात, असे करत ते राहिले. आणि बाबा आता कुठे शिकारीला जातात? डॉक्टरांनी त्यांना विसरभोळेपणाची गोळी सुरू केली होती. गाडीची किल्ली पावाच्या डब्यात सापडली होती.

त्या शरदात मार्लिसने दोन स्पर्धा जिंकल्या. मी तर काय, हवेतच होते. आणि ऑक्टोबरात ड्वेन सुट्टीवर आला. म्हणाला, बाबा, एकदा तरी जाऊ या, जसे मी लहान असताना जायचो. एमिलच्या अंगात जणू वारे भरले. दोघे सकाळी मला घ्यायला मार्लिसच्या अंगणात आले. ड्वेन गाडीतच बसला होता. मार्लिसने मला पिशवीतून काढून एमिलच्या हातात दिले. त्याने माझ्या नळ्यांवरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले.

"जशीच्या तशी ठेवलीस पोरी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, कापून टाकशील."

मार्लिसचे ओठ हलले. मी तिच्याकडे पाहत होते. आता बोलेल, मला वाटले. तेवढ्यात ड्वेनने हॉर्न वाजवला, ऊन चढतंय म्हणाला. एमिल हसत वळला. मार्लिस एवढेच म्हणाली, "जपून हाताळा हं, बाबा."

रानात गारठा होता. एमिलने जाड हातमोजे घातले होते. पहिल्या कुंपणाशी त्याने नेहमीसारखी काडतुसे काढली, मला ड्वेनकडे दिले, धापा टाकत तार ओलांडली, मला परत घेतले, भरले, मिटले. अंगठा खटक्याच्या पाठीवर टेकला. हातमोज्यातून त्याला काय कळणार? शेवटच्या स्पर्धेपासून खटका पुढेच राहिला होता. पोटात काडी नव्हती आणि माझ्याकडे आवाज नव्हता.

थोडे पुढे बिज्जूने उकरलेले बीळ गवतात झाकले गेले होते. एमिलचा पाय त्यात गेला. पडताना त्याचे बोट चापात अडकले. ड्वेन समोर चालत होता.

यापुढचे मी सांगत नाही.

शेरीफने मला तपासले. खटका हाताने पुढेमागे करून पाहिला, तो चालत होता. तो आपोआप मागे यायला हवा होता हे त्याला कुणी सांगायचे? एमिलने मला पुन्हा हात लावला नव्हता. अपघात म्हणून नोंद झाली आणि मला मार्लिसच्या घरी पोचवण्यात आले. ती मला घेऊन मैदानावर परत गेली नाही.

एमिलने मात्र आपला हिशेब मांडला होता. बंदूक खटका स्वतः मागे घेते. मग बार उडाला याचा अर्थ खटका मीच पुढे ढकलला आणि विसरलो. किल्ली पावाच्या डब्यात ठेवणारे डोके ते, त्याने मुलगा मारला. त्याने गाडी चालवणे सोडले, चर्चला जाणे सोडले. खिडकीशी खुर्चीत बसून राहायचा आणि त्याचा उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर सारखा मागे सरकायचा. मागे, मागे, मागे. मार्लिस त्याला भेटून घरी आली की हे सारे आपल्या मांजराला सांगायची, म्हणून मला कळायचे. ब्लांच त्याला जेवण वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. बोललीच तर टोचून.

तो अंगठा मार्लिसला बघवेना. ईस्टर होऊन गेल्यावर, ब्लांच चर्चच्या स्वयंपाकघरात कोलाचे नावाचे गोड पाव भाजायला गेली असताना, ती मला आणि ती डबी घेऊन आईवडिलांच्या घरी आली. मला टेबलावर ठेवले. डबी उघडून काडी एमिलच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, ही मी काढून घेतली होती," ती म्हणाली. "उन्हाळ्यातच. खटका मागे येतच नव्हता."

एमिलने काडी दोन बोटांत फिरवून पाहिली. मग त्याने पेचकस मागितला. ज्या माणसाला जेवणात काय होते ते संध्याकाळी आठवत नाही, त्याच्या बोटांनी माझे पोट न चुकता उघडले आणि काडी जागच्या जागी बसवली. त्याने मला उघडले. खटका मागे आला. मिटले, खटका पुढे ढकलला, पुन्हा उघडले. पुन्हा मागे आला.

"म्हणजे माझा अंगठा चुकला नव्हता."

"नाही, बाबा."

"बंदूक दिलीस त्या सकाळी तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, जशीच्या तशी ठेवलीस. किती खूश होता तुम्ही." ती रडत होती. एमिलने तिला जवळ घेतले नाही. तिच्यावर ओरडलाही नाही. बाहेर खडीवर ब्लांचच्या गाडीची चाके वाजली, तसे त्याने मला मिटले.

"आईला हे सांगायचं नाही," तो म्हणाला. "माझ्यावर राग धरायची तिला सवय झालीय. तुझ्यावर धरावा लागला तर ती जगायची नाही."

"बाबा, मी..."

"तोंड धू जा."

ब्लांच कोलाचेची परात घेऊन आत आली आणि मला टेबलावर पाहून दारातच थबकली. ही इथे कुणी आणली, तिने विचारले.

"मी मागवली," एमिल म्हणाला.

"अजून हौस फिटली नाही वाटतं."

एमिलने मान खाली घातली. न्हाणीघरात नळ वाहत होता, तो बराच वेळ वाहत राहिला. ब्लांचने परात ठेवली आणि पाठ फिरवली. खुर्चीच्या हातावर एमिलचा अंगठा मात्र स्वस्थ होता.

मी आता पुन्हा त्याच कपाटात आहे. माझी काडी माझ्या पोटात आहे. एमिल दिवसेंदिवस विसरत चालला आहे. कधीतरी तो काडीची ही गोष्टही विसरेल आणि आपणच मुलाला मारले असे त्याला पुन्हा वाटू लागेल. तेव्हा त्याला खरे काय ते पुन्हा सांगायचे धाडस मार्लिसला करावे लागेल, दर वेळी नव्याने, आणि आई घरात नसताना.

मित्रांनो, वस्तू बोलत नाहीत. आमच्यात कुणी काय बदलले, काय काढले, काय सैल केले, हे पुढच्या हाताला फक्त तुम्हीच सांगू शकता. शिडीची पायरी असो, सायकलचा ब्रेक असो, की माझ्यासारखी कुणी असो, ती दुसऱ्याच्या हाती देताना गाडीचा हॉर्न वाजत असेल तर वाजू द्या. आधी सांगा, मग द्या.