स्पिरिटकाकांची बहीण

बाई शाळेच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं होत्या. त्यांचा धाकटा भाऊ त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं मदतनीस होता. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, स्पिरिटचे दिवे भरणं हे त्याचं काम. अंगाला कायम तोच वास, म्हणून मुलं त्याला स्पिरिटकाका म्हणायची. तो तोंडदेखलं रागावायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्याची बायको लवकर गेली. दोघं दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. सकाळी बरोबर निघायची, संध्याकाळी बरोबर परतायची आणि वाटेत कोणी पाहत नसलं की भांडायची.

एका दुपारी प्रयोगशाळेत आग लागली. भिंतीतल्या सॉकेटमधून ठिणगी उडाली, पडदा पेटला, दोन मुलींचे हात भाजले. चौकशीत ठरलं की मदतनिसाने स्पिरिटची बाटली उघडी ठेवली होती. तो सांगत राहिला की सॉकेट बिघडल्याचं आपण तीनदा लेखी कळवलंय. मुख्याध्यापक म्हणाले, असा एकही अर्ज आलेला नाही. महिन्याभरात त्याला काढून टाकलं.

"ताई, तू तरी बोल ना त्यांच्याशी," तो एकदाच म्हणाला होता.

"जाऊ दे रे आता. मला अजून पाच वर्षं तिथेच काढायचीत."

तो पुन्हा काही बोलला नाही. पुढचे आठ महिने तो खिडकीशी बसून होता. बाई सकाळी भाजी-पोळी झाकून जायच्या, संध्याकाळी त्यातली निम्मी तशीच असायची.

त्या वर्षी दुसऱ्या एका गावात एक माणूस शाळेत शिरला होता आणि त्याने सहा जणांचा जीव घेतला होता. असं पुन्हा घडू नये म्हणून सरकारने प्रत्येक जिल्ह्यात एक पथक नेमलं. त्यात एक पोलीस अधिकारी, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समाजसेविका. शाळाशाळांच्या भिंतींवर त्यांचा फोन नंबर लागला आणि शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं.

बाईंच्या शाळेतलं प्रशिक्षण सभागृहात झालं. पथकातल्या पोलीस अधिकारी बाई म्हणाल्या, "ज्याच्याबद्दल काळजी वाटेल त्याचं नाव कळवा."

खेळाचे सर लगेच म्हणाले, "मग माझ्या सासूबाईंचं आत्ताच लिहून घ्या."

सभागृह हसलं. अधिकारी बाईही हसल्या. मग त्यांनी सांगितलं, "माणूस अचानक असं करत नाही. आधी त्याच्यावर अन्याय झालेला असतो, निदान त्याला तसं वाटत असतं. तो बोलेनासा होतो. आपल्या वस्तू वाटून टाकतो. मग एखाद्या तारखेची चौकशी करतो. हे कोणाला तरी दिसत असतं, बहुतेकदा घरातल्याच कोणाला तरी. एकट्याने जाब विचारायला जाऊ नका. आम्हाला फोन करा."

बाईंनी हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. लिहिताना त्यांना भावाची आठवणसुद्धा झाली नाही.

पुढच्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला. त्याच्या मनगटावर भावाचं घड्याळ होतं. "नको नको म्हणत होतो, ऐकेचनात," तो संकोचून म्हणाला. दोन दिवसांनी घरातला बुद्धिबळाचा पट दिसेनासा झाला. तो शिंप्याच्या मुलीकडे गेला होता.

त्या संध्याकाळी जेवताना भाऊ आपणहून बोलला. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला आणखी एक पोळी वाढली.

"बक्षीस समारंभ कितीला सुरू होतो गं?"

"दहाला. का रे?"

"पहिल्या रांगेत कोण बसतं?"

"मुख्याध्यापक, संस्थेची मंडळी, नेहमीचीच. तुला काय करायचंय?"

त्याने ताट बाजूला सारलं. "तू त्या दिवशी रजा घे, ताई."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो खाली गेला असताना त्यांनी त्याच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. ट्रंकेच्या मागे दोन मोठे कॅन होते. झाकण उघडायची गरजच नव्हती. गेले काही दिवस घरात स्पिरिटचा वास येत होता आणि त्यांना वाटत होतं की त्याच्या जुन्या कपड्यांचाच असेल.

मधल्या सुट्टीत त्यांनी ग्रंथालयाचं दार आतून लावलं आणि पथकाचा नंबर फिरवला. समारंभाला अकरा दिवस होते.

"तुमचं नातं काय?" पलीकडून विचारलं.

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी. मीच वाढवलंय त्याला."

"त्यांच्याशी काही बोललात का?"

"नाही."

"बोलू नका. उद्या सकाळी आम्हीच येतो."

अधिकारी बाई साध्या कपड्यांत आल्या, सोबत पथकातले मानसोपचाराचे डॉक्टर. दार भावानेच उघडलं. बाईंनी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातच उभ्या राहिल्या. बाहेरच्या खोलीतलं बोलणं दोन तास चाललं. कोणी आवाज चढवला नाही. शेवटी भावाचं रडणं ऐकू आलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, तेव्हा रडला होता तसंच. हुंदके दाबत, मध्येच श्वास अडकत.

"ताईने कळवलं ना?" त्याने विचारलं.

"आम्हाला कळलं," अधिकारी बाई म्हणाल्या.

"तिच्याशिवाय या घरात येतंय कोण!"

त्याला इस्पितळात नेताना बेड्या घातल्या नाहीत. डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले. तरी प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं झालं होतं. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्याने वर पाहिलं नाही.

बक्षीस समारंभ ठरल्या दिवशी झाला. बाई चौथ्या रांगेत बसल्या. दहा वाजले, साडेदहा झाले. मुलं एकेक करून मंचावर जात होती, बक्षीस घेऊन उतरत होती. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी जांभई दिली. शेजारचे खेळाचे सर कुजबुजले, "दरवर्षी तेच ते. काही म्हणजे काही घडत नाही." बाईंना हुंदका आवरेना. त्या पदर तोंडाशी धरून बाहेर गेल्या. सरांना वाटलं, त्यांना ठसका लागला.

पथकाचं काम तिथे संपलं नव्हतं. अधिकारी बाई शाळेत आल्या आणि त्यांनी कार्यालयातल्या जुन्या आवक नोंदवह्या मागवल्या. अर्धा दिवस चाळल्यावर तिन्ही अर्जांच्या नोंदी सापडल्या, तारीख-शिक्क्यासकट. नोंदवह्यांचं ते कपाट ग्रंथालयाच्या भिंतीला लागून होतं. बाईंच्या खुर्चीपासून वीस पावलांवर. संस्थेने काढून टाकल्याचा आदेश मागे घेतला, माफीचं पत्र दिलं. अधिकारी बाईंनी ते इस्पितळात जाऊन भावाला वाचून दाखवलं. त्याने पुन्हा एकदा स्वतः वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "एवढंच पाहिजे होतं हो."

चार महिन्यांनी त्याला इस्पितळातून सोडलं. शाळेत परतायला त्याने नकार दिला. समाजसेविकेने दुसऱ्या गावात चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम मिळवून दिलं, खोलीही पाहून दिली. तो कपडे न्यायला आला तेव्हा बाई दारातच उभ्या राहिल्या.

"एकदा विचारायचंस, ताई."

"ते म्हणाले होते, विचारू नका."

"ते अगदी शेवटी म्हणाले. त्याआधी आठ महिने मी इथेच होतो."

बाईंनी विचारलं, "केलं असतंस का रे तू?"

तो सदऱ्याची घडी घालत होता. घडी मोडली, पुन्हा घातली. "माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुला समारंभाचं विचारलं तेव्हा वाटलं होतं, तू आता धरून बसवशील, शिव्या देशील. तू पोळी वाढलीस."

तो गेला. बाईंनी पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. अधिकारी बाई अधूनमधून फोन करायच्या. तब्येत बरी आहे, औषधं वेळेवर घेतात, कामावर सगळे खूश आहेत.

"माझी चौकशी करतो?"

"नाही, बाई. खोटं कशाला सांगू?"

"माझं चुकलं का?"

"फोन केलात ते चुकलं नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग बाई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसने त्या गावाला जाऊ लागल्या. कारखान्याच्या फाटकाबाहेर बाकावर बसायच्या. पहिल्या दोन खेपांना तो बाहेर आलाच नाही. तिसऱ्या खेपेला मधल्या सुट्टीत आला. हातावर काचेची पांढरी भुकटी, केस बरेच पिकलेले. दोन हात अंतरावर उभा राहिला.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

"हो, जेवून निघाले," बाई पटकन म्हणाल्या.

त्याने मान हलवली आणि तो आत गेला. बाई सकाळपासून उपाशी होत्या. परतीच्या बसमध्ये त्यांच्या डोक्यात एवढंच घोळत राहिलं, की मी 'नाही' म्हणाले असते तर तो घडीभर बसला असता.