सानगडीची लाइट

आमच्या घरात मला एक सवत होती. सवत म्हणजे कॉम्प्युटर. माझे यजमान सुगत चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत फिटर. पाळीवर जाताना डबा विसरतील, पण कॉम्प्युटर चालू ठेवायला विसरायचे नाहीत. त्यात गाणी वाटायचं एक सॉफ्टवेअर होतं. मध्ये दुकान नाही की कंपनी नाही. याच्या कॉम्प्युटरमधून त्याच्याकडे, त्याच्याकडून आणखी कोणाकडे.

"आपलं घेऊन झालं का बंद करून पळाचं नाही," ते म्हणायचे. "मागचा कोनाकडून घेईन?"

मागे कोणी उरलंच नव्हतं. सगळी कॉलनी मोबाइलवर गाणी ऐकायला लागली, त्या सॉफ्टवेअरवरची माणसं एकेक करून उठून गेली, आणि हे आपले रिकाम्या पंगतीत वाढायला उभे. मी रोज तोंडसुख घ्यायची.

मग एका दुपारी वीज पडली आणि कॉम्प्युटर जळाला. त्यात मामाजींचा आवाज होता. मामाजी म्हणजे माझे सासरे, आनंदराव. भीमगीतं स्वतः रचून गायचे. सुगतनी माइक लावून एक गाणं कॉम्प्युटरात भरलं होतं, वाटलंही होतं. फोनमध्ये घेऊ घेऊ म्हणता राहूनच गेलं. आमची रीना मामाजी गेल्यानंतरची. आजोबांचा आवाज तिने ऐकलाच नव्हता. सुगत जेवायला बसायचे आणि तसेच उठायचे. मला ते पाहवेना.

"जगाले वाटलं न? मंग आता जगाकडून मांगा," मी म्हटलं.

दुसरा कॉम्प्युटर आणला. शोधलं तर गाणं एकाच माणसाकडे निघालं. थोडंसं उतरायचं, की तो गायब. पुन्हा केव्हातरी यायचा, पुन्हा गायब. माझं डोकं फिरलं. "सांगा त्याले, एवढी कायची घाई हाय म्हना."

सुगतनी तिथेच निरोप लिहिला. उत्तर आलं, "जय भीम. मी बंद नाही करत जी. आमच्या सानगडीले लाइट जाते."

जगभर शोधत होतो आणि माणूस आमच्याच जिल्ह्यातला. सुगत पेनड्राइव्ह घेऊन निघणारच होते, तेवढ्यात गाणं पूर्ण उतरलं.

रीनाला मांडीवर घेऊन बसलो. मामाजी गायला लागले. तोच भरडा, प्रेमळ आवाज. एका कडव्यानंतर थांबून म्हणाले, "रत्ना, पानी आन वं." मागून माझाच आवाज आला, नव्या सुनेचा, "आनतो जी." तेवढं कापायचं सुगतला तेव्हा जमलं नव्हतं. मला रडू आवरेना.

"आई, मग दिलं का तू पाणी?" रीनाने विचारलं.

सुगतनी माझ्याकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरच्या बटनाकडे हात नेला. "झालं आता. करतो बंद."

"राहू द्या," मी म्हटलं. "सानगडीची लाइट गेली तं मागचा कोनाकडून घेईन?"