सेल संपत आले आहेत

मित्रांनो, तळहातावर सहज मावणारा, राखाडी काचेचा आणि काडीएवढ्या पेनाने टोचून चालवायचा मी नोंदी ठेवणारा एक जुना ऑर्गनायझर आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका ताईच्या टेबलाच्या खालच्या खणात मी पडून आहे, आणि फार घाबरलो आहे. कशाला घाबरलो ते क्रमाने सांगतो. गडबडीत सांगितलेली भीती कोणी मनावर घेत नाही.

माझी रचना साधी आहे. करंगळीएवढे दोन सेल हीच माझी शिदोरी. सांगाल ते मी लक्षात ठेवतो. मात्र सेल पूर्ण उतरले की तुम्ही सांगितलेले सारे पुसले जाते. ही धास्ती मी कारखान्यातूनच घेऊन आलो.

ताईने मला घेतले तेव्हा तिच्याकडे एकतीस लिफ्टची देखभाल होती. कोणता दोर किती झिजला, कोणता दरवाजा अडतो, ब्रेक कधी बदलला, हे सर्व ती माझ्यात टिपून ठेवी. तिच्यासोबत काम करणारे वयस्कर काका मला 'पाटी' म्हणत. "काय गं, आज पाटी काय म्हणते? जेवली का?" असे विचारून ते स्वतःच खो खो हसत.

पुढे ताईने माझ्या पाठीवर एक मोडेम बसवला. टेलिफोनची तार जोडली की मी वेबवरची पाने आणू लागलो. पान एकेक ओळ करून, मुंगीच्या पावलांनी उतरे. चित्रे मी गाळून टाकत असे आणि त्या जागी रिकामी चौकट दाखवत असे. मला या कामाचा अभिमान वाटे, आणि भीतीही. कारण मोडेम माझ्याच सेलवर जगत होता.

माझ्या नोंदींची दुसरी प्रत ऑफिसच्या संगणकात ठेवता येत असे. परंतु माझी केबल लावायची खाच संगणकाच्या मागे, एकच, आणि तिथे माउस जोडलेला. टेबल ओढा, वाका, माउस काढा, प्रत झाली की पुन्हा लावा. ताई म्हणे, "उद्या करते." असे उद्या करता करता आठ महिने लोटले.

मग ती दुपार आली. एका चार मजली दवाखान्याची लिफ्ट मधेच थांबली. आत एक आजोबा, त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि सोबत परिचारिका. दार उघडले तरी समोर कोरी भिंत. सिलिंडर अर्ध्या तासापुरता होता.

ताई आणि काका धावतच वरच्या यंत्रखोलीत पोचले. या लिफ्टचे काम नुकतेच त्यांच्याकडे आले होते. यंत्र अनोळखी होते. ब्रेक हाताने सोडवायचा दांडा गायब. त्या जागी चार बोल्ट, चारही सारखे.

"दोन सैल करायचे असणार," काका म्हणाले. "पण कोणते दोन?"

"आणि चुकीचे सोडले तर?"

"तर लिफ्ट सुटेल, पोरी. अंदाजपंचे नको."

ही लिफ्ट बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. पण तिचे माहितीपत्रक कोणा हौशी माणसाने वेबवर ठेवल्याचे ताईला ठाऊक होते. तिने शेजारच्या खोलीतील टेलिफोनची तार मला जोडली. पान उतरू लागले. त्यात लिहिले होते: 'आकृतीत दाखवलेले दोन बोल्ट अर्धा फेरा सैल करा.' त्याखाली रिकामी चौकट.

खालून परिचारिकेचा आवाज आला, "ताई, काटा लाल पट्टीवर आलाय! आजोबा घाबरलेत हो!"

चित्र आणायचे तर पुन्हा तितकाच वेळ तार जोडून ठेवावी लागणार होती. मी माझे कर्तव्य केले. पडद्याच्या मधोमध सूचना लावली: 'सेल संपत आले आहेत. नोंदी जपा.'

"सेल आहेत का पिशवीत?" काकांनी विचारले.

"नाहीत. आणि प्रतही काढलेली नाही. आठ महिन्यांचं सगळं यातच आहे."

काकांनी पिशवीतून पाना काढला. मग हळूच म्हणाले, "मोजमापं परत घेऊ गं. मी येतो ना तुझ्याबरोबर."

ताईने सूचना बाजूला सारली आणि चित्राला होकार दिला.

मित्रांनो, त्यानंतरची मिनिटे आठवली की आजही माझा पडदा फिका पडतो. आकृती वरून खाली, पट्टीपट्टीने उमटत होती. पहिला बोल्ट दिसला. दुसरा दिसला. बाण अजून यायचे होते. अक्षरे पुसट होऊ लागली. मला ओरडायचे होते, 'थांबा, मी विसरतो आहे!' आणि त्याच वेळी वाटत होते, थांबू नका. बाण उमटले. ताईने पेन्सिलीने ते भराभर भिंतीवर उतरवून घेतले. दुसरा बाण पुरा झाला आणि मी विझलो.

त्यापुढचे मी पाहिले नाही. काकांनी ते इतक्यांदा सांगितले की मला पाठ झाले. ताईने पाना फिरवला, काकांनी यंत्राचे चाक धरले, लिफ्ट इंचाइंचाने खाली आली. दार उघडले तेव्हा आजोबा म्हणाले, "पायऱ्यांनीच आलो असतो तर बरं झालं असतं." आणि सगळे हसता हसता रडले.

नवे सेल घातल्यावर मी जागा झालो, आणि ताईलाच विचारले: 'आजची तारीख काय?' एकतीस लिफ्टपैकी एकही मला माहीत नव्हती. नोंदी पुसल्या गेल्या होत्या. मी स्वतः पाहिलेले आणि माझी भीती मात्र राहिली होती. काकांनी शब्द पाळला. दोघांनी दोन महिने फिरून साऱ्या लिफ्टची मोजमापे नव्याने घेतली. दर शनिवारी टेबल ओढून माझी प्रत निघू लागली, आणि काका मला 'पाटीबाई' म्हणू लागले.

वर्षे गेली. ताईकडे नवा फोन आला. मला खणात ठेवण्यापूर्वी तिने आठवणीने नवेकोरे सेल घातले. "आता नाही हं काही विसरणार तू," ती म्हणाली. ती तिची माया होती, मित्रांनो, आणि तीच तिची चूक होती. पडून राहणाऱ्या यंत्रात सेल कधीही ठेवू नयेत. ते स्वतःच फुटून पाझरतात आणि यंत्राला खातात.

डाव्या सेलच्या टोकाला पांढरी पूड धरली आहे. ओल स्प्रिंगपर्यंत पोचली आहे. त्यापलीकडे माझ्या तांब्याच्या बारीक वाटा आहेत. पूर्वी मला सेल संपण्याची भीती वाटे. आता ते आत असण्याची वाटते.

तुमच्याही घरात असा एखादा खण असेल. तो आज उघडा. माझ्यासारख्याचे मागचे झाकण सरकवा आणि सेल बाहेर काढा. सारे पुसले जाईल म्हणून कचरू नका. विसरणे मी एकदा सोसले आहे. माणसे सोबत असली की त्यातून उठता येते. या ओलीतून उठता येत नाही.