चौकशीची खिडकी

भाचीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी मामांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पुस्तकात खूण म्हणून राहिलं; पुस्तक संपलं की पुढच्या पुस्तकात जाई. असं ते चार पुस्तकं फिरून आलं होतं.

भाची देशाची राष्ट्राध्यक्ष. मामा रेल्वे स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीतून निवृत्त झालेले. अशा माणसाने अशा बाईला काय सल्ला द्यायचा?

"मामा," तिने लिहिलं होतं, "मामीच्या शेवटच्या दिवशी मी सरकारी हेलिकॉप्टरने आले, ते विरोधकांनी उकरून काढलंय. दप्तरात मी 'पुलाची पाहणी' असं लिहायला लावलं होतं. आता चौकशी समिती नेमलीय. ती बरखास्त करायचा कागद टेबलावर आहे, नुसती सही हवी. महिनाअखेरीपर्यंत ठरवायचंय. करू का? सगळे माझी चौकशी करतायत, तुम्ही मात्र कधीच करत नाही."

शेवटचं वाक्य मामांना खुपे. त्या दिवशी ती तीन तास मामीचा हात धरून बसली होती. मामी तिला ओळखून हसलीही होती. पुलाकडे कुणी फिरकलं नव्हतं.

दुपारी बहीण, म्हणजे भाचीची आई, दारातून डोकावली.

"दादा, लिहिलंस?"

"शब्द सापडत नाही."

"एवढी कपाटभर पुस्तकं, आणि एक शब्द नाही. 'कर सही' एवढंच लिही. हात धुऊन मागे लागलेत तिच्या. त्यांना वहिनीचं काय पडलंय?"

"काही नाही पडलेलं."

"मग?"

मामा चष्मा पुसत राहिले.

"तुझं उत्तर पोहोचेपर्यंत मुदत संपेल," ती जाता जाता म्हणाली. "तिच्या अध्यक्षपदाची."

खुर्चीतच मामांचा डोळा लागला. ते पुन्हा खिडकीमागे होते. काचेपलीकडे धुकं आणि धुक्यात रांग. पहिला विरोधी पक्षनेता. "गाडी आज तरी येणार का?" त्याने खवचटपणे विचारलं. असे लोक मामांनी नोकरीभर पाहिले होते. गाडी पकडायची नसे, नुसतं डिवचायचं असे. सवयीने ते म्हणाले, "येईल. चाळीस मिनिटं उशिरा." नेता बाजूला सरकला.

त्याच्या मागे पूल उभा होता. ओला, लांबलचक, कमानी दुमडून घेतलेला. "मला बघायला कुणी येणार होतं ना?" त्याने संकोचाने विचारलं. मामा वेळापत्रक चाळू लागले, पानं कोरी. मागच्या स्टुलावरून बायको म्हणाली, "माझ्याकडे आली होती म्हणून सांगा की. त्यात लाजायचं काय?"

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. मामांनी कागद ओढला.

"बाळ, सही करू नकोस. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट आहे, पण प्रश्न खरा आहे. पुलाकडे गेले नाही, मामीकडे गेले, नोंद मीच खोटी करायला लावली, असं सांग. पद गेलं तर इथे ये. समितीने बोलावलं तर मीही येईन. मला बोलायला जमत नाही, पण वेळ बरोबर सांगता येते. तू साडेअकराला आलीस, अडीचला गेलीस.

तू कशी आहेस? वेळेवर जेवतेस ना?"

ही शेवटची ओळ त्यांनी दोनदा खोडली, तिसऱ्यांदा राहू दिली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ते पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर धरून उभे राहिले. पाठीमागे एक बाई येऊन थांबली.

"आजोबा, टाकताय ना?"

"टाकतो," मामा म्हणाले, आणि त्यांनी बोटं सोडली.