बेल वाजते तिथपर्यंतच

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे, आणि आज दुपारपासून मला नुसत्या उड्या माराव्याशा वाटताहेत! सोळा वर्षं मी सिंगापुरातल्या मरीन परेडच्या या फ्लॅटमध्ये, स्टोअररूममधल्या इस्त्रीच्या टेबलामागे धूळ खात पडलो होतो. आणि आज? सांगतो, सगळं सांगतो.

माझा जन्म जपानचा. शामकांतनी मला इथेच विकत घेतलं. ते मोठ्या जहाजांवर इंजिनियर होते, सहा-सहा महिने समुद्रावर असत. डिसेंबरात तर ते हटकून घराबाहेर. आमच्या घरात नाताळ यायचा तो टीव्हीवरून. तेव्हाच्या प्रत्येक कौटुंबिक मालिकेचा एक नाताळचा भाग असायचा. काय मजा असायची त्यात! झाड हमखास कोसळायचं, जेवण हमखास करपायचं, आणि न दिसणारी माणसं मागून खदाखदा हसायची. शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडायचे. बाहेर बर्फ पडत असायचा आणि आमच्याकडे पंखा फुल स्पीडवर!

"हे बाबांना दाखवायलाच हवं," असं शामकांतच्या पत्नी आशालता म्हणायच्या. मग त्यांची लेक योगिनी माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि रेकॉर्डिंग करायची. जाहिराती आल्या की पॉज दाबायची, संपल्या की सोडायची. एकही जाहिरात आत येऊ द्यायची नाही, इतकी ती पक्की होती. मलाही तिचा फार अभिमान वाटायचा.

पण एका वर्षी घोटाळा झाला. मालिकेतला बाप ट्रक चालवायचा. नाताळच्या संध्याकाळी तो बर्फात अडकलेला, पोरं खिडकीला नाक लावून बसलेली. जेवण गार झालं, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. लगेच जाहिराती! योगिनीने पॉज दाबला आणि त्याच क्षणी घरातला फोन खणखणला. रॉटरडॅमच्या बंदरातून बाबांचा फोन! मायलेकी धावत सुटल्या. परत आल्या तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. मी बिचारा पॉजमध्ये ताटकळून शेवटी आपोआप बंद पडलो होतो.

"हा मेला थांबलाच कसा!" आशालता माझ्यावरच उखडल्या. आता बटण मी दाबलं होतं का? पण योगिनी इतकी रडली की मला माझा राग गिळावा लागला.

मार्चमध्ये बाबा घरी आले. आशालतांनी केकच्या भांड्यात शिरा थापून त्याचा केक केला. कॅसेट लागली. बेल वाजली, आणि पडद्यावर मुंग्या.

"मग? आलं कोण?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही. माझ्यामुळे शेवट गेला," योगिनी मान खाली घालून म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी जहाजावरची बॅग उचलली, जाता जाता पावडरचा डबा घेतला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मिनिटभराने खरी बेल वाजली. योगिनीने दार उघडलं तर डोक्यावर, खांद्यावर, भुवयांवर पावडर घेतलेले बाबा उभे!

"काय सांगू, ट्रक बर्फात अडकला होता!"

योगिनी इतकी हसली की तिला उचकी लागली. त्यानंतर बाबा कधीही घरी येवोत, मे असो की ऑगस्ट, त्याच दिवशी आमच्याकडे नाताळ व्हायचा. कॅसेट, बेल, मुंग्या आणि पावडर.

पुढे बाबा निवृत्त झाले, योगिनीचं लग्न झालं, घरात नवी यंत्रं आली. माझी रवानगी स्टोअररूममध्ये झाली. वाईट वाटायचं, खोटं का बोलू? आणि आज सकाळी आवराआवर करताना योगिनी म्हणाली, "बाबा, हा चालला तर ठेवू. नाहीतर उद्या खाली ई-वेस्टच्या डब्यात."

बाबांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला आणि मूठ आपल्या कानाला लावली. जहाजाची इंजिनं ते अशीच ऐकायचे. "बेल्ट गेलाय. बाकी गडी ठणठणीत आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी मला पालेभाजीच्या जुडीचं रबर बसवलं. कॅसेट आशालतांनी बिस्किटांच्या डब्यात नीट जपली होती, म्हणून या दमट हवेतही तिला बुरशी लागली नव्हती.

आणि मित्रांनो, मी चाललो! चित्र थोडं थरथरलं, पण तीच माणसं, तेच हसणं! योगिनीची नऊ वर्षांची लेक अनुया डोळे विस्फारून बघत होती. बेल वाजली. मुंग्या.

"हां? देन हू केम?" अनुया ओरडली. "वेट, वेट, मी शोधते!" आणि काय सांगू, तिला दोन सेकंदांत फोनवर तो भाग सापडला. "आई, फुल एपिसोड आहे लाह! एंडिंगसकट!" ते 'लाह' म्हणजे इथल्या पोरांच्या बोलण्याचं शेपूट.

योगिनी पटकन तिच्याशेजारी जाऊन बसली. तीस वर्षं तिला तो शेवट बघायचा होता. मी मात्र खचलो. पूर्ण गोष्ट खिशात मावत असेल, तर या अर्धवट म्हाताऱ्याला कोण ठेवणार? उद्याचा डबा मला दिसू लागला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. खरी बेल.

योगिनीने खोलीभर नजर फिरवली. बाबांची खुर्ची रिकामी होती. आशालता तोंडाला पदर लावून हसत होत्या. योगिनी उठली आणि पंचेचाळीस वर्षांची बाई लहान पोरीसारखी दाराकडे धावली. तिच्यामागे अनुया. फोन सोफ्यावर तसाच पडला. त्यातला बाप आपल्या घरात शिरत होता, पण त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, घरातलं जुनं यंत्र टाकण्याआधी एकदा वायर जोडून बघा. वर्षातून एकदा तरी धूळ पुसा आणि चालवा. आम्ही कुरकुरतो, अडतो, पण तुमची वाट बघत असतो.

दारातून पावडरचा ढग आत आला. "काय सांगू, ट्रक बर्फात अडकला होता!"

"अगेन, आजोबा, अगेन!" अनुया टाळ्या पिटत माझ्याकडे धावत आली आणि तिने रिवाइंड दाबलं. जुडीचं रबर करकरलं, आणि मी सगळा जीव एकवटून मागे फिरू लागलो.