सकाळी सातचं पाणी

या वेळी बटण डेलबर्टने स्वतःच्या बोटाने दाबलं होतं. स्पाचंच, म्हणजे स्विमिंग पूलशेजारच्या गरम पाण्याच्या हौदाचं, लाल टेप लावलेलं. वीस मिनिटं झाली तरी पाणी गारच.

ती टेपही त्यानेच लावली होती, डिसेंबरात. मेसा शहरात लोकांचे स्विमिंग पूल सांभाळण्यात एकतीस वर्षं घालवलेला माणूस तो. ब्याऐंशी वर्षांच्या विल्माबाई क्राउडर यांच्याकडे त्याने वेग कमीजास्त होणारा नवा पंप बसवला आणि तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "अरे, सकाळी सातला गुडघे शेकायला उतरते तर पाणी बर्फ!" तो अकराच्या सुमारास गेला, बटण दाबलं, थोड्याच वेळात पाणी वाफाळलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो हसून म्हणाला, "विल्माबाई, स्पाचं सोडून पूलचं बटण दाबत असाल. वय झालं की होतं असं." आणि टेप चिकटवून दिली. त्यांची मुलगी शेरिल तिथेच उभी होती.

पुढच्या दोन महिन्यांत विल्माबाईंनी गाडीच्या किल्ल्या आपणहून मुलीच्या हवाली केल्या. आता घर विकायला काढलं होतं, वृद्धनिवासात खोली ठरली होती आणि स्पा कायमचा बंद करायला आज डेलबर्टला बोलावलं होतं. तो सातला आला, तोही दहा वाजता दाढ काढायची होती म्हणून.

तो पंपापाशी गेला. मिनिटाला जेमतेम बाराशे फेरे. सकाळी नऊपर्यंत पंप हळू चालावा, वीज वाचावी, असं त्यानेच ठरवून दिलं होतं. भिंतीवरचं बटणांचं पंचवीस वर्षांचं पॅनल बिचारं चालू आणि बंद एवढंच जाणणारं. वेग वाढव, हे त्याला नव्या पंपाला सांगताच येत नव्हतं. पाण्याला जोर नाही म्हणून हीटर पेटत नव्हता. नऊनंतर पंप आपसूक वेग घेई, म्हणून अकराला सगळं सुरळीत. दोघांना जोडायला वेगळा भाग लागतो. पुस्तिकेत तसं लिहिलेलंही असणार, पण ती त्याने खोक्यासकट फेकली होती. जुन्याच्या वायरी सोडवायच्या आणि नव्याला लावायच्या, आजवर त्याने एवढंच केलं होतं.

कोणाला काही कळणार नव्हतं. दोन वायरी तोडायच्या आणि दाढेकडे निघायचं. त्याने पक्कड उचललीही. मग शरमेने त्याचे कान तापले, आणि ती तशीच खाली टाकून तो स्वयंपाकघरात गेला.

"विल्माबाई, बटण तुम्ही बरोबरच दाबत होतात. वायरिंग माझं चुकलं."

शेरिलने हातातली बशी खाली ठेवली. "म्हणजे? तीनदा येऊन गेलात ना तुम्ही?"

"अकराला आलो. सातला एकदाही नाही. या सांगत होत्या, सकाळी सकाळी म्हणून. मी ऐकूनच घेतलं नाही."

"पुन्हा म्हण," विल्माबाई म्हणाल्या. "जरा मोठ्याने. हिला नीट ऐकू जाऊ दे."

त्याने टोपी काढली आणि पुन्हा सगळं म्हटलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसले रे मी, की माझं डोकं चालेनासं झालंय. तू म्हणालास म्हणून. म्हटलं, याला पंपातलं कळतं, तर यातलंही कळत असेल."



"आई, घराचं थांबवता येईल अजून," शेरिल हळूच म्हणाली. "मी आजच फोन करते."

त्याने बाहेर जाऊन पंपाला थेट वीज जोडली, तात्पुरता वेग वाढवून दिला. हीटर एकदम पेटला. दाढेची त्याला आठवणही राहिली नव्हती. पाण्यावर वाफ धरल्यावर तो सांगायला आत आला.

विल्माबाई टेबलाशी गोळ्यांची डबी घेऊन बसल्या होत्या, सात वारांचे सात कप्पे असलेली. बोट गुरुवारच्या झाकणावर होतं. ते उघडता उघडता त्या थांबल्या.

"शेरिल, आज गुरुवारच ना गं?"

"हो आई. गुरुवारच."

तेव्हा कुठे त्यांनी झाकण उघडलं. पाणी तापलंय हे सांगायचीही डेलबर्टला लाज वाटली. तो दारातच उभा राहिला.