फेकलेला निवडुंग

मित्रांनो, निलंग्याच्या वाटेवरच्या एका गावात शाळेभोवती कुंपण म्हणून उभा राहिलेला मी जुना फड्या निवडुंग आहे. आधीच सांगतो, मी रागात आहे.

मला कुणी खड्डा खणून लावले नाही. वाटेत आडवा आलो म्हणून फेकले. पडलो तिथेच रुजलो. पाण्याचा तांब्या कधी मिळाला नाही. तरी वीस वर्षे मी गावातली एकही शेळी शाळेत शिरू दिली नाही. शाबासकी? छे! कुणी तिरसट वागला की त्याला माझे नाव ठेवायचे.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र सगळ्यांना माझी आठवण झाली. मोलमजुरी करणाऱ्या सरजाबाईची एकुलती गाय उठेनाशी झाली होती. जाळायला काही नव्हते, म्हणून बाईने घराच्या कुडाच्या तुराट्या उपसून पेटवल्या, त्यावर माझे फडे धरून काटे जाळले आणि बारीक तुकडे करून गाईला घातले. चौथ्या दिवशी गाय उठली. साऱ्या गावाने तसेच केले. मी बुडख्यापर्यंत तोडला गेलो, पण तेव्हा दुखले नाही.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. झाडे लावायला साहेब येणार म्हणून सरपंच गुरुपादप्पांनी मला उपटायला सांगितले. गरज सरो, वैद्य मरो!

सरजाबाई आडवी आली. म्हणाली, "आप्पा, ह्यानंच गावची जनावरं जगवली. ऱ्हाऊ द्या त्याला."

"आता जिल्हा झाला, बाई. असलं रानटी शोभत न्हाई."

मला ओढ्यात फेकले. बाईने पाटीभर फडे वेचले आणि आपल्या परसात लावले. इकडे शाळेत गुलमोहराची रोपे लागली, फोटो निघाले, आणि आठवड्यात शेळ्यांनी सगळी रोपे फस्त केली. पुढच्या वर्षी पुन्हा रोपे, पुन्हा शेळ्या. काटा उपटल्यावर दुसरे काय होणार होते?

तिसऱ्या वर्षी गुरुपादप्पा सरजाबाईच्या परसाशी येऊन खाली मान घालून उभे राहिले. कुंपणाला फडे हवे होते. मला वाटले, बाई हाकलून देईल.

ती म्हणाली, "न्या आप्पा. पण आता फेकू नका. खड्डा खणून लावा."

मित्रांनो, दुष्काळात आठवणार असाल, तर सुकाळातही जरा ओळख ठेवा. त्या दिवशी सरपंचांनी स्वतः कुदळ धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुळाशी कुणी तांब्याभर पाणी ओतले. लावताना त्यांच्या बोटात माझे चार काटे शिरले. मी मुद्दाम टोचले म्हणता? म्हणा.